पुढारी मोठा की मागणी मोठी?



आम्ही चौथी इयत्ता शिकलेली माणसं. हातात लेखणीपेक्षा धोटा जास्त वागवला. तेव्हा शब्द इकडचा तिकडे झाला तर पंडितांनी खुशाल हसावं. पण आज एक सवाल उघड्या मैदानात टाकायचा आहे. शिकलेले लोक तो विचारायला कचरतात, आणि पुढाऱ्यांभोवतीचे हुजरे तर विचारणाऱ्याचा गळाच धरतात. सवाल एवढाच: पुढारी मोठा, की ज्या मागणीसाठी त्याला पुढं केला ती मागणी मोठी?

हा सवाल आमच्या डोक्यातनं निघालेला नाही. १९५५ सालच्या डिसेंबरात फलटणला यशवंतराव चव्हाणांनी तो स्वतःच मांडला आणि त्याचं उत्तरही स्वतःच देऊन टाकलं. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, असा निवाडा करायची पाळी आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. काळ ध्यानात घ्या. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याला महिनाही उलटला नव्हता. घराघरांत सुतक होतं. आणि साताऱ्याकडचा एक कर्ता माणूस सांगत होता की तीन कोट लोकांच्या मागणीपेक्षा दिल्लीतला एक माणूस मोठा.

आता चव्हाण काही लेचेपेचे गडी नव्हते. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेले, तुरुंग भोगलेले, गरिबीतनं वर आलेले, पुस्तकं वाचलेले. म्हणून तर आम्ही मुद्दाम त्यांचंच उदाहरण घेतो. लाळघोट्यानं लाळ घोटली तर त्यात नवल कसलं? पण असला शहाणासुरता माणूस जेव्हा माणसाला मागणीच्या वर बसवतो, तेव्हा रोग कातडीवर नाही, रक्तात गेला समजायचं.

या रोगाचं पहिलं लक्षण काय? विचारणं बंद होतं. १९५६ च्या जूनमध्ये पंतप्रधान मुंबईत आले आणि मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर करून मोकळे झाले. ज्या शहराच्या गिरण्या आमच्या बापजाद्यांच्या घामावर चालल्या, त्या शहराचा निकाल एका भाषणात लागला. चिंतामणराव देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री. माणूस साहेबी थाटातला, रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला. आमच्या चाळीशी त्यांचा संबंध नव्हता. पण जुलैत ते लोकसभेत उभे राहिले, राजीनामा दिला, आणि हा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला हे तोंडावर सांगितलं. एक माणूस उठला. बाकीचे मंत्री? बाकीचे खासदार? त्यांना काय दिसत नव्हतं? दिसत होतं. पण पंडितजी बोलले म्हणजे विषय संपला, अशी सवय लागली होती. एकाच्या शब्दावर राज्य चालतं तेव्हा त्या एकाच्या ताकदीचे गोडवे गातात सगळे. आम्ही म्हणतो, आजूबाजूला माना खाली घालून बसलेत त्यांची मोजणी करा. खरी ताकद त्या खाली घातलेल्या मानांची.

आणि गंमत पुढंच आहे. ज्यांची एवढी पूजा चालली, त्या नेहरूंना हा धोका सगळ्यांच्या आधी कळला होता. १९३७ साली कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात चाणक्य या नावानं एक लेख आला. जवाहरलालवर लक्ष ठेवा, लोकांच्या जयजयकारानं हा माणूस हुकूमशहा व्हायला वेळ लागणार नाही, याला पुन्हा अध्यक्ष करू नका, असा त्याचा मतलब. लेख लिहिणारा चाणक्य म्हणजे स्वतः जवाहरलाल! माणूस मोठ्या मनाचा होता, यात शंका नाही. पण त्याचं मोठं मन आम्हाला १९५६ साली कामाला आलं का? नाही. तेव्हा, पुढारी चांगला आहे, प्रामाणिक आहे, मग पूजा केली तर बिघडलं कुठं, असं जे म्हणतात त्यांना आमचं उत्तर आहे: या गावात नेहरूंपेक्षा सज्जन पुढारी तुम्ही कुठून आणणार आहात?

१ मे १९६० ला राज्य झालं. राजभवनावर नेहरूंच्या हस्ते समारंभ झाला, रोषणाई झाली. आणि तेव्हापासून भाषणांत, लेखांत एक वाक्य घोटून घोटून म्हटलं जातं, की यशवंतरावांनी महाराष्ट्राचा मंगल कलश आणला. आणला म्हणजे कुठून आणला? बाजारात मांडून ठेवला होता काय? अहो, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. त्याच साली ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा समितीच्या हाकेसरशी माणसं काळी निशाणं घेऊन घाटात उभी राहिली. द्वैभाषिकाचा गाडा पुढं जात नाही हे दिल्लीला कळलं ते कुणाच्या मोठेपणानं नव्हे, मतपेटीनं कळलं. १९५९ ला काँग्रेसच्या अध्यक्षा झालेल्या इंदिरा गांधींनाही ते उमगलं. शंभरावर माणसं मेली. आधी १०५ सांगत, पुढं यादी वाढली. त्यांत गिरण्यांतले कामगार होते, रस्त्यानं चाललेली पोरं होती. त्यांनी कलश भरला. वाहून आणणाऱ्याचं नाव राहिलं.

हुतात्मा चौकात जाल तेव्हा तिथला पुतळा जरा थांबून बघा. शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. टोपीवाला नाही, जाकीटवाला नाही, ओळखीचा चेहरा नाही. ज्या कुणाला हे सुचलं त्याला आमचा लाल सलाम. नाहीतर आमच्या राज्यात चौक रिकामा दिसला की पुढाऱ्याच्या चाहत्यांना आधी पुतळ्याची आणि मग त्याच्या उंचीची चिंता लागते.

आपल्या बाजूचे म्हणून आम्ही कुणाला सोडणार नाही. समितीच्या सभांना लाखांनी माणसं जमत. अत्र्यांचा सपाटा ऐकायला, डांग्यांची मांडणी ऐकायला लोक कामावरून परस्पर मैदानात येत. ते पुढारी तालेवार होते, पिटले गेले, तुरुंगात गेले. त्यांचं देणं आहेच. पण राज्य झालं आणि समितीची मोट सुटली. जो तो आपल्या पक्षाच्या घरात गेला. बेळगाव, निपाणी, कारवार जे बाहेर राहिलं ते राहिलंच. मैदानातल्या लाखांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, अर्धी मागणी उरली आहे, दुकान बंद करू का? लाख माणसं टाळ्या द्यायला होती; ठराव करायला मूठभर.

बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट दोनदा खडसावून सांगितली. एकदा १९४३ च्या जानेवारीत पुण्याला, रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात. तिथं त्यांनी त्या काळच्या दोन सर्वांत बड्या पुढाऱ्यांच्या विभूतिपूजेचा समाचार घेतला. दुसऱ्यांदा २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत. धर्मात भक्ती माणसाला तारत असेल, राजकारणात भक्ती म्हणजे घसरगुंडी आणि शेवटी हुकूमशाही, असं त्यांचं सांगणं. आता त्यांच्या तसबिरीला हार आहे आणि या भाषणाला कुलूप आहे. आणि गिरणी कामगारांनी आणखी एक आठवण ठेवावी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना उलट सवाल केला होता. विणकामाच्या खात्यात जास्त पगार, पण तिथं अस्पृश्याला मागावर उभं राहू देत नाहीत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि सवर्ण कामगाराला विटाळ होतो. याचं तुमच्या मागण्यांत काय? प्रश्न संपाच्या ऐन धामधुमीत विचारला. एकी मोडते, पुढाऱ्यांची शोभा जाते, असली भीड धरली नाही. मागणी मोठी मानणारा माणूस असा दिसतो.

भीड धरल्याची किंमत किती पडते, त्याचा हिशोब आमच्या पगाराच्या पाकिटातनं काढता येतो. आणीबाणीच्या सुमारास काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ म्हणाले की इंदिरा म्हणजेच भारत. लोक ते वाक्य चेष्टेनं सांगतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. आणि त्याच साली सप्टेंबरात वटहुकूम निघाला: किमान बोनस ८.३३ टक्के होता तो ४ टक्के! निम्म्याहून खाली. रस्त्यावर यायची सोय नव्हती. देश म्हणजे बाई, मग बाईंच्या विरुद्ध बोलणारा देशाच्या विरुद्ध. भारतीय कम्युनिस्ट पक्षानंही आणीबाणीला पाठिंबाच दिला होता, हेही लिहून ठेवलेलं बरं. १९७७ ला लोकांनी सरकार पाडलं तेव्हा ८.३३ परत आलं. कुणी म्हणेल, व्यक्तिपूजा हा पुस्तकी विषय आहे, कामगाराला त्याचं काय? त्याला हे दोन आकडे सांगा.

लाल बावटेवाल्यांनी रागवू नये, आम्ही त्याच बावट्याखालचे. रशियात स्तालिन १९५३ च्या मार्चात मेला. तोवर तो पोलादी पुरुष, शेतीतला जाणता, भाषेतला जाणता, लढाईतला जाणता. २५ फेब्रुवारी १९५६ ला क्रुश्चेव्हनं बंद दाराआड भाषण करून त्याच्या पूजेवर आणि त्यानं मारलेल्या माणसांवर बोट ठेवलं. १९६१ ला स्तालिनग्राडचं व्होल्गोग्राड झालं, प्रेत लेनिनच्या शेजारून हललं. ठीक. पण बोट ठेवणारे सगळे त्याच्याच पंगतीला बसून जेवलेले होते. जिवंतपणी एकाचीही जीभ उचलली नाही. मेल्यावर पुतळा पाडणं सोपं असतं. पुतळ्याला काही तुरुंग बांधता येत नाही.

आता घरची गोष्ट. अवघड आहे, पण टाळणार नाही.

१९८२ चा संप. आमचे बाप त्या संपात होते. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. गिरण्यांत कायद्यानं मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची ती मेख. कामगाराचं मन दुसरीकडे आणि सही करायचा हक्क तिसऱ्याला. म्हणून कामगार घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले. हे नीट ध्यानात धरा: डॉक्टर गिरणगावात चालून आले नव्हते, त्यांना कामगारांनी ओढून आणलं. इतर कारखान्यांत त्यांनी भरघोस पगारवाढी मिळवल्या होत्या, मालक त्यांना वचकून होते. माणूस खोटा नव्हता. तुरुंगात गेला, विकला गेला नाही, आणि १६ जानेवारी १९९७ ला मारेकऱ्यांच्या गोळ्या खाऊन मेला. त्याच्याबद्दल वाकडा शब्द आम्ही ऐकून घेणार नाही.

पण १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संपाला नाव पडलं एकाचं. वर्तमानपत्रांत सामंतांचा संप, विधानसभेत सामंतांचा संप, मालकांच्या तोंडी सामंतांचा संप. मागण्या होत्या पगाराच्या, बदलीवाल्यांना कायम करण्याच्या, त्या काळ्या कायद्याच्या. त्यांवर बोलायलाच नको असं मालकांना आणि सरकारला झालं. सामंत जिंकला तर उद्या गोदी, परवा सगळी मुंबई त्याच्या मागं जाईल, ही भीती. म्हणजे भांडण पगाराचं उरलं नाही, माणसाचं झालं. अडीच लाखांना मोडणं अवघड; एकाला भेटच नाकारायची, बस्स. तेवढ्यानं बोलणी बंद. ही सोय आपल्या विरोधकाला कुणी करून दिली? ज्यांनी ज्यांनी “डॉक्टर बघतील” म्हणून मागण्यांचा कागद घडी करून खिशात ठेवायला सांगितलं, त्या सगळ्यांनी.

संप टिकवला कुणी? गावी परत गेलेल्यांनी भाकरीवर आणि रानातल्या भाजीवर दिवस काढले. बायांनी खानावळी चालवल्या, डोईवर टोपल्या घेतल्या, मंगळसूत्रं गहाण टाकली. गल्लोगल्लीच्या कार्यकर्त्यांनी धान्य वाटलं. एवढी अक्कल, एवढी धमक ज्या लोकांत होती, त्या लोकांचा शेवटचा शब्द मात्र एका माणसाच्या तोंडी ठेवलेला. पुढं जायचं की थांबायचं, अर्धं पदरात घेऊन फिरायचं की नाही, हे ठरवायला अडीच लाखांकडे यंत्र नव्हतं. संप रीतसर मागं घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, जुनं धोतर विरतं तसा. लाखभर कामगार कायमचे बाहेर राहिले.

मालकांना जमिनीचा आणि स्वस्त पॉवरलूमचा मोह होताच. पूजा नसती तर सगळं जिंकलो असतो असला पोकळ दावा आम्ही करत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की खांब एकच असला म्हणजे घाव कुठं घालायचा हे शत्रूला शोधावं लागत नाही.

याच्या उलट १९२८ पाहा. सहा महिन्यांचा संप. त्यातनं गिरणी कामगार युनियन उभी राहिली, पन्नास हजारांवर सभासद झाले, आणि गिरणीगणिक कमिटी निघाली. कमिटीत साच्यावरची, मागावरची माणसं. मालकांना डांगे जेवढे खुपत त्याहून या कमिट्या खुपत, कारण डांगे सभेत बोलून जात, कमिटी रोज खात्यात उभी असे. १९२९ च्या मार्चात सरकारनं मीरतच्या खटल्यात पुढारी उचलले. त्यांत डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण अर्जुन आळवे आणि गोविंद कासले होते, हे किती जणांना ठाऊक? दोघेही गिरणीतले कामगार. आळवे तर युनियनचे अध्यक्ष! यांच्या तसबिरी कुठल्या कचेरीत आहेत? कुणाच्या जयंतीचा फलक लागतो? पुढच्या संपाला त्या धरपकडीचा फटका बसला, तो मोडला, खरं आहे. पण सरकारला कामगार-पुढारीसुद्धा उचलावे लागले, यातच त्या संघटनेची जात कळते.

त्याच्याही मागं जा. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या नावानिशी अर्ज केला. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये. आज लोखंड्यांचं नाव घेतात, घ्यावंच. पण त्या साडेपाच हजारांना नोकरीची भीती नव्हती काय? अंगठा उठवताना त्यांचा हात थरथरला नसेल काय?

आता सगळीकडे फ्लेक्स लागलेत. वाढदिवसाला अमुक कार्यसम्राट, तमुक भाग्यविधाता. खाली शुभेच्छुकांच्या वीस मुंड्या. काम काय केलं? गटार साफ झालं, त्याचे आभार! अहो, तो त्याच्या पगाराचा आणि आपल्या कराचा मामला आहे. मुकादमानं हजेरी बरोबर मांडली म्हणून कुणी त्याची आरती ओवाळतो का?

घरांचंच पाहा. गिरण्यांच्या जमिनीचा वाटा लोकांच्या घरांसाठी आणि मोकळ्या मैदानांसाठी द्यायचा, असा नियम १९९१ ला झाला. २००१ साली तो बदलला. सगळ्या जमिनीचा वाटा होता तो मोकळ्या जागेपुरता झाला. त्या बदलाचा फलक कुणी लावला नाही. मग कामगारांनी मोर्चे काढले, म्हाताऱ्या माणसांनी उन्हात ठिय्ये दिले, तेव्हा २०१२ ला म्हाडानं ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्जदार लाखाच्या वर होते. आणि चाव्या देण्याचे समारंभ व्यासपीठावर, हार, फोटो, दोन-चार भाषणं. घेणारा वाकलेला, देणारा हसतोय. हक्काची वस्तू दान म्हणून हातावर ठेवली, की घेणाऱ्याचं तोंड बंद होतं आणि रांगेत राहिलेल्यांचं भांडण दुबळं होतं. तो फोटो फुकटचा नसतो.

तेव्हा येत्या द्वारसभेला आम्ही एवढं मागणार आहोत. हार आणू नका, त्याचे पैसे फंडाच्या डब्यात टाका आणि डबा सगळ्यांसमोर मोजा. पुढारी आधी बोलणार नाही. आधी प्रत्येक खात्यातले दोन जण बोलतील, बदलीवाले धरून, आणि बायका असतील तिथं एक बाई. पुढारी त्यांना उत्तर देईल. युनियनचा जमाखर्च कचेरीच्या दारावर लावायचा. तडजोडीचा कागद सही होण्याआधी खात्यात वाचून दाखवायचा, हात वर करून मोजायचं, आणि विरुद्ध हात वर करणाऱ्याला सभेनंतर कुणी कोपऱ्यात घेतलं तर तो मामला पुढच्या सभेत पहिला.

कुणी म्हणेल, यानं पुढारी रागावेल. रागावू द्या. रागावून निघून गेला तर बरंच झालं, मीरतपर्यंत तो चालला नसताच.

आणि फलकावर पुढाऱ्याचा फोटो छापायचाच असेल तर छापा, आमची ना नाही. पण वरच्या बाजूला मागणी छापा, फोटोहून मोठ्या अक्षरांत, लांबून रातपाळीच्या डोळ्यांनाही वाचता येईल अशी. छापखानेवाला अक्षरांचे पैसे जादा मागू लागला तर आम्हाला कळवा, वर्गणी काढून भरू.